घाणेरी काढायची तर मुळासकट, आणि मिळून!

होळी झाली, टेकडीवरचं गवत वाळलं की घाणेरीच्या (कुणी टणटणी म्हणतं) जाळ्या उघड्या पडतात. कामाला लागायची हीच वेळ. पावसानंतर ती पुन्हा फोफावणार.

मूळची अमेरिका खंडातली ही झुडपं इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आली. फुलं गोड दिसतात, मान्य! पण नुसती कोयत्याने छाटाल तर बुंध्यातून आणखी फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत सोपी आहे: जमिनीच्या थोडं खाली मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. काटे असल्याने एकट्याला जमत नाही. एकाने फांद्या काठीने दाबाव्यात, दुसऱ्याने घाव घालावा, तिसऱ्याने उलथावं. चौथ्याने पक्षी बसतात त्या झाडांखाली फिरावं, कारण बुलबुलांच्या विष्ठेतून पडलेलं बी तिथेच रुजतं.

काढलेली घाणेरी वाया जायलाच हवी असं नाही: कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा आदिवासी कारागीर तिच्याच काठ्यांचं फर्निचर बनवतात.

पावसाच्या तोंडावर मोकळ्या जागी पवना, मारवेलसारख्या स्थानिक गवताचं बी टाका. पुढची काही वर्षं नवी रोपं उपटत राहावं लागेल. टेकडी वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या, आणि जाड हातमोजे विसरू नका!