कागदावरील कारखाना आणि जिवाणूंचे शिक्षण

सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात व हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, हे जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ असते. परंतु जिवाणूसंवर्धकाची पुडी वापरूनही कित्येकदा गाठी का येत नाहीत, याचे उत्तर पाठांतराने मिळत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांस एक काल्पनिक कारखाना काढावयास लावणे हा उत्तम उपाय होय.

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 2015 साली ‘स्टुडंट रेडी’ हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. गावात राहून कार्यानुभव घेणे व व्यवसायाच्या धर्तीवर प्रत्यक्ष उत्पादन करणे ही त्याची प्रमुख अंगे होत. प्रत्यक्ष उत्पादनास भांडवल लागते. कागदावरील उद्योगास मात्र फळा व खडू पुरे.

मानोऱ्याचा हिशेब

मानोरा तालुक्यातील एखाद्या गावी 100 एकर सोयाबीन आहे असे समजू. एकरी 30 किलो बियाणे व दर 10 किलोंस 250 ग्रॅम संवर्धक धरल्यास 300 पुड्या लागतील. येथवर हे साधे अंकगणित झाले. खरे शास्त्र पुढेच आहे.

कायद्याने घालून दिलेल्या प्रमाणानुसार भुकटीरूप संवर्धकाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. म्हणजे एका पुडीत 1250 कोटी पेशी झाल्या. शंभर दाण्यांचे वजन 12 ग्रॅम धरले, तर 10 किलोंत सुमारे 83 हजार दाणे येतात व प्रत्येक दाण्याच्या वाट्यास सुमारे दीड लाख पेशी येतात. मात्र पुडी पत्र्याच्या छपराखाली तापत राहिली व शंभरातील एकच पेशी वाचली, तर हा वाटा दीड हजारांवर येतो. पुडी तीच, किंमतही तीच; शेतकऱ्याचे पैसे मात्र वाया गेले. म्हणून विद्यार्थ्याच्या जमाखर्चात थंड जागेचा खर्च आपोआप दाखल होतो.

दुसरा प्रश्न विक्रीचा. पेरणीचा हंगाम थोड्या दिवसांचा. उरलेला माल रब्बीत हरभऱ्यास विकावा, असे एखादा सुचवील. परंतु हरभऱ्याचे जिवाणू निराळे; सोयाबीनची पुडी तेथे निरुपयोगी. मुदत संपलेला माल तोट्यात लिहावाच लागतो. पावसाने ओढ दिली तर काय, याचाही विचार मग सुरू होतो.

कार्यकर्त्यांनी करावयाच्या गोष्टी

1. गावातील पिकांचे क्षेत्र व पेरणीची वेळ विद्यार्थ्यांस शेतकऱ्यांकडूनच विचारावयास लावावी.
2. खरेदीपूर्वी पुडीवरील पिकाचे नाव व अंतिम तारीख वाचण्याची सवय लावावी.
3. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणूंची शेवटी करावी. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.
4. फुलोऱ्याच्या सुमारास काही झाडे मुळांसह हलक्या हाताने उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी रंग दिसल्यास त्या कार्यक्षम समजाव्यात.

हा कारखाना कागदावरच राहावा, हेही सांगणे अवश्य आहे. खत नियंत्रण आदेश, 1985 खाली जैविक खते येतात. आवश्यक परवान्याशिवाय घरी पुड्या भरून विकणे योग्य नव्हे. कागदावरील तोट्याने कोणाचे घर बुडत नाही. शेतातील तोटा मात्र शेतकऱ्याच्या संसारास जाणवतो. तो टाळण्याची दृष्टी विद्यार्थ्यास वर्गातच आली, तर हा उद्योग नफ्यात गेला असे समजावे.