न्यू लॅनार्क : धबधब्याकाठचे गिरणगाव

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या आग्नेयेला क्लाइड नदीची खोल घळ आहे. तिचा उतार उतरू लागले की वालुकाश्माच्या उंच गिरण्या आणि कामगारांच्या बिऱ्हाडांच्या दगडी रांगा समोर येतात. हे न्यू लॅनार्क. गाव वसले ते धबधब्यांच्या बळावर. नदीचे पाणी खडकातल्या बोगद्यातून आणून पाणचक्क्या फिरवायच्या आणि त्यांवर सूतकताईची यंत्रे चालवायची, या बेताने डेव्हिड डेल या व्यापाऱ्याने १७८६ साली येथे कताई सुरू केली. कामाला एडिंबरा-ग्लासगोची अनाथ, निराधार मुले शेकड्यांनी होती.

१८०० साली कारभार डेलचा जावई रॉबर्ट ओवेन याच्या हाती आला. दहा वर्षांखालील मुलांना त्याने गिरणीऐवजी शाळेत बसवले, रास्त भावाचे दुकान चालवले. कामगारांना आधी त्याचा भरवसा वाटेना. अमेरिकेचा कापूस अडला आणि यंत्रे चार महिने थांबली, तरी त्याने पुरा पगार दिला. तेव्हा कुठे मने वळली.

या गावची सर्वांत विलक्षण वस्तू मात्र बोटाएवढी आहे. लाकडाचा चौकोनी ठोकळा, प्रत्येक कामगाराजवळ टांगलेला. चार बाजूंना चार रंग : काळा म्हणजे वाईट, निळा बेताचा, पिवळा चांगला, पांढरा उत्तम. आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे मुकादम तो फिरवून ठेवी आणि रंगाची नोंद वहीत होई. ओवेन खात्यातून फिरताना रागावत नसे, नुसता रंग पाही. मुकादमाने अन्याय केला असे वाटले तर थेट ओवेनकडे दाद मागता येई. छडीच्या जागी रंग आला, ही त्या काळी मोठीच माणुसकी. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत दिवसभर काळी बाजू मिरवणे सोपे नसणार.

ओवेनने १८१६ साली उघडलेल्या शिक्षणसंस्थेच्या इमारतीत दिवसा मुले शिकत, नाचत, गात. संध्याकाळी मोठी माणसे येत. मारहाणीला तेथे थारा नव्हता.

१९६८ साली गिरण्या बंद पडल्या. माणसे पांगली, आवारात भंगारातून धातू काढण्याचा धंदा आला, इमारती खचू लागल्या. एवढा वारसा तेव्हा कवडीमोल ठरला होता. पुढे एका संवर्धन न्यासाने चिकाटीने एकेक रांग दुरुस्त केली आणि २००१ साली गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एका गिरणीत आता हॉटेल आहे. दुसरीत जुने कताईयंत्र फिरते, त्यावर कापसाऐवजी लोकर कातली जाते. दगडी रांगांमध्ये आजही बिऱ्हाडे नांदतात.