आधी चाळणी, मग अ‍ॅम्प्लिफायर

22 जुलै 2021 रोजी सावित्री-गांधारीच्या पुरात महाड बुडाले, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. आणि नेमक्या त्याच वेळी मोबाइल मुके झाले. इंटरनेटवाचून हवामान उपग्रहाचे चित्र थेट उतरवणारा किंवा नदीपातळीचा संवेदक ऐकणारा स्वस्त एसडीआर, म्हणजे संगणकाच्या जोरावर चालणारा रेडिओ, या खोऱ्यात म्हणूनच नुसता छंद राहत नाही. मात्र संदेश क्षीण आला की लोक आधी अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतात. माझ्या मते पहिला खर्च बँडपास फिल्टरवर व्हायला हवा.

टीव्हीसाठी बनलेला डोंगल रेडिओ म्हणून वापरता येतो, हे 2012 च्या सुमारास सर्वश्रुत झाले. त्यातला रूपांतरक 8 बिटांचा, म्हणजे लहरीची उंची मोजायला त्याच्याकडे फक्त 256 पायऱ्या. सर्वांत दणकट आणि सर्वांत क्षीण संदेशांत जेमतेम 50 डेसिबलचे अंतर त्याला झेपते. अँटेनातून मात्र सगळेच आत येते. 88 ते 108 मेगाहर्ट्झवरची एफएम केंद्रे दणकट असतील तर 137 मेगाहर्ट्झवरचा रशियन मेटिऑर उपग्रह त्यांच्याखाली दबतो. शिवाय भार असह्य झालेला अ‍ॅम्प्लिफायर नसलेली केंद्रे निर्माण करतो: 104 ची दुप्पट वजा 90, म्हणजे 118 मेगाहर्ट्झवर भलताच आवाज. याची परीक्षा सोपी आहे. अँटेनाच्या वाटेत 3 डेसिबलचा क्षीणक लावा. खरा संदेश 3 डेसिबलने उतरेल, असा भुताटकीचा संदेश सुमारे 9 ने. तसे झाले तर दोष ताकदीच्या कमतरतेचा नाही, अतिरेकाचा आहे, आणि अ‍ॅम्प्लिफायर लावून तो वाढेलच. हवी तेवढीच पट्टी पुढे सोडणारी चाळणी, म्हणजेच बँडपास फिल्टर, त्याच्या आधी हवी.

हे काम सॉफ्टवेअर करू शकेल, असे कोणी म्हणेल. पण सॉफ्टवेअरला जे मिळते ते रूपांतरकातून गेल्यावर. तिथे लहरीचे माथे छाटले गेले की परत जोडता येत नाहीत. फिल्टर स्वतःही एक-दोन डेसिबल खातो, हा आक्षेप खरा आहे. तरी 137 वर आकाशाचा आणि वस्तीचा गोंगाटच इतका असतो की हा तोटा सहसा जाणवत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप पोलादपूरच्या दरीतून येतो: सह्याद्रीच दूरची केंद्रे अडवतो, मग फिल्टर कशाला? दरीच्या तळाशी हे बरेचसे पटते. पण चांगल्या ग्रहणासाठी अँटेना धारेवर न्यावी लागते आणि मोबाइल मनोरेही नेमके तिथेच असतात. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या 1,400 मीटर उंचीकडे गेलात की डोंगराचा आडोसा संपतो.

फिल्टरलाही मर्यादा आहेत, आणि त्या या भागात महत्त्वाच्या ठरतील. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झ ही पट्टी अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुली आहे. नदीपातळीचे लोरा (अल्पशक्तीत दूरवर पोहोचणारी रेडिओ पद्धत) संवेदक तिच्यावर चालू शकतात. लगेच 869 पासून मोबाइल मनोऱ्यांचे प्रक्षेपण सुरू होते. मध्ये एका मेगाहर्ट्झचे अंतर, ते साध्या कॉइल-कपॅसिटरच्या फिल्टरच्या आवाक्याबाहेरचे. पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरींवर चालणारा सॉ फिल्टर थोडे साधतो. बाकीचे अँटेनाची दिशा आणि मनोऱ्यापासूनचे अंतर यांवर सोडावे लागते. तसेच एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर किंवा महाड एमआयडीसीतल्या मोटारींचे वेगनियंत्रक जो गोंगाट हव्या त्या पट्टीतच ओततात, त्याला कोणताही बँडपास फिल्टर अडवणार नाही. तिथे फेराइट आणि अर्थिंग.

पुढचा पावसाळा येण्याआधी महाड-पोलादपूरच्या एखाद्या महाविद्यालयाने क्षीणक आणि फिल्टरचा हा प्रयोग करून पाहावा. ऐकण्यापलीकडे जाऊन 144 ते 146 मेगाहर्ट्झवर बोलायचे असेल, तर मात्र केंद्र सरकारच्या हौशी रेडिओ परीक्षेला बसून परवाना घ्यावाच लागतो.