औषध चाचणीत एकच नोंद दोनदा आली तर ती थेट डिलीट का करत नाहीत?

एक्सेलमध्ये ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’वर क्लिक केलं की काम झालं! पण नव्या औषधाच्या चाचणीतला डेटा असा साफ करता येत नाही. चुकीची ओळ उडाली तर एखादा दुष्परिणामच गायब होऊ शकतो. आणि दुहेरी नोंद तशीच मोजली गेली तर आकडे फुगतात.

हे प्रत्यक्षात घडलंय का?

हो. ओन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर त्याच्या ज्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यांची पडताळणी १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. रुग्णांचा २८ टक्के डेटा पुन्हा छापलेला निघाला. तो धरल्यामुळे औषधाचा परिणाम २३ टक्के जास्त दिसत होता.

एकाच चाचणीतही असं होतं का?

होतं. रुग्णाच्या मृत्यूची तारीख दोन-तीन फॉर्मवर लिहिली जाते. रक्ताची तपासणी कधी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, कधी चाचणीसाठी ठरवलेल्या मुख्य लॅबमध्ये. मग हा सगळा डेटा ‘एसडीटीएम’ या ठरावीक साच्यात बसवावा लागतो. १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या चाचण्यांसाठी, नव्या औषधाच्या अर्जासोबत असा प्रमाणित डेटा देणं अमेरिकेच्या एफडीएने बंधनकारक केलंय.

मग डुप्लिकेट ओळखायचं कसं?

● लॅबची फाइल चुकून दोनदा लोड झाली: ही खरी डुप्लिकेट. दुरुस्ती मूळ सिस्टीममध्ये होते आणि कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते.

● बीपी लागोपाठ तीनदा मोजलं: तिन्ही वेळा आकडा सारखा आला तरी ही डुप्लिकेट नाही. प्रत्येक मापाला क्रमांक देऊन तिन्ही ठेवतात.

● दोन फॉर्मवर दोन तारखा: डेटा टीम अंदाज बांधत नाही. हॉस्पिटलला विचारणा जाते, दुरुस्ती तिथूनच होते.

● दोन लॅबचे दोन रिपोर्ट: दोन्ही ठेवतात. विश्लेषणात जो धरायचा, त्यावर खूण करतात.

कोणता धरायचा, हे कधी ठरतं?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला प्लासिबो, हे उघड होण्याआधीच हा नियम लिहून ठेवावा लागतो. नाहीतर निकाल पाहून सोयीचा आकडा निवडणं सहज शक्य आहे. आणि त्याच आकड्यांवर विसंबून पुढे ती गोळी लाखो लोक घेणार असतात.