कल्पनेच्या जगातही भूक लागते



तुम्ही अलिफ लैलामधील सिंदबादच्या सफरी वाचल्या असतील. त्यातला रुख पक्षी आठवतो का? तो इतका अवाढव्य असतो की, आपल्या पिलांना चक्क हत्ती भरवतो! असा पक्षी कोणी पाहिलेला नाही. तरीही आपण उत्सुकतेने पुढचे पान उलटतो. असे का होते? पक्षी खोटा असला, तरी पिलांची भूक खरी वाटते. मोठ्या पिलाला मोठा घास लागणारच.

कल्पनेच्या जगात काहीही घडू शकते, असे आपण म्हणतो. मग तेथे जेवण, झोप, थकवा या साध्या गोष्टी किती हव्यात? एका प्रसिद्ध पुस्तकावरून हे समजून घेऊ.

जोनाथन स्विफ्ट यांचे ‘गलिव्हरच्या सफरी’ हे इंग्रजी पुस्तक 1726 साली प्रसिद्ध झाले. जहाजावरचा डॉक्टर गलिव्हर समुद्रातून वाचून लिलिपुट देशात पोहोचतो. तेथील माणसे सहा इंचांहूनही कमी उंचीची असतात. ही एक अजब गोष्ट लेखक आपल्याला मानायला लावतो. पुढचा व्यवहार मात्र आपल्या ओळखीचा आहे. गलिव्हरला भूक लागते. शंभराहून अधिक माणसे शिड्या चढून त्याच्या तोंडापर्यंत मांसाच्या टोपल्या नेतात. पुढे त्याला रोज सहा बैल आणि चाळीस मेंढ्या लागतात. त्याचा मैला वाहून नेण्यासाठी दोन नोकर नेमावे लागतात. तुम्हांला हसू येईल. पण खरा माणूस तेथे राहिला असता, तर हा प्रश्न आलाच असता. शेवटी खजिनदार खर्चाची तक्रार करतो. गलिव्हरला हळूहळू उपाशी मारण्याचा गुप्त बेतही शिजतो. पोटाच्या प्रश्नातूनच जिवाचा धोका उभा राहतो.

लिलिपुटच्या गणितज्ञांचा हिशेब पाहा. गलिव्हर त्यांच्याहून बारा पट उंच. म्हणून त्याला 12 × 12 × 12, म्हणजे 1728 माणसांचे अन्न द्यायचे. परंतु लहान प्राण्याला वजनाच्या मानाने अधिक अन्न लागते. उंदीर आपल्या वजनाच्या मानाने हत्तीपेक्षा पुष्कळ जास्त खातो. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 साली मांडलेला नियम लावला, तर गलिव्हरला सुमारे 270 माणसांचे अन्न पुरले असते. म्हणजे स्विफ्टचे शास्त्र चुकले. तरी कथेची गोडी कमी झाली नाही; कारण एकदा ठरवलेला हिशेब त्याने मोडला नाही.

तेव्हा कथेत शास्त्राचा सगळा धडा नको. उडणाऱ्या घोड्याचे पंख कसे चालतात, हे कोणी विचारणार नाही. पण त्याच्यावरचा स्वार तीन दिवस वाळवंटात पाण्यावाचून हिंडला आणि तरीही ताजातवाना राहिला, तर वाचकाचा विश्वास उडेल. मग त्या स्वाराची काळजी कोण करील?

तुम्हीही अशी एखादी कथा लिहून पाहा. घोडा खुशाल उडू द्या. पण उतरल्यावर स्वाराला घोटभर पाणी द्यायला विसरू नका.