घरजागेत पैसा गुंतविणाऱ्याने दलालीचा परवाना घ्यावा काय?

कापडाच्या धंद्यात दोन पैसे शिल्लक पडले की आम्ही व्यापारी मंडळी ते घरजागेत घालतो. मागवाले तेच करतात आणि आखातात दहा-पंधरा वर्षे राबून परतलेलेही तेच करतात. या मंडळींकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. फ्लॅट घ्यायचे आणि विकायचेच आहेत, तर मग 'महारेरा'कडे एजंट म्हणून नोंदणी का करू नये? दलाली वाचेल, बिल्डरकडे वजन वाढेल आणि कायद्याची भीतीही राहणार नाही, असा त्यांचा हिशेब असतो.

या हिशेबात थोडे खरे आणि बरेच गैरसमजाचे आहे. म्हणून प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू.

स्थावर संपदा कायदा, ज्याला सर्वजण 'रेरा' म्हणतात, 2016 साली संमत झाला व 1 मे 2017 पासून पूर्णपणे अमलात आला. या कायद्यानुसार एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने विक्रीचा सौदा जुळविणारा आणि त्याबद्दल कमिशन किंवा अन्य प्रकारे मोबदला घेणारा. त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा की प्रॉपर्टी डीलर म्हणा, नावाने फरक पडत नाही. फक्त गिऱ्हाईक आणून गाठ घालून देणाराही यात येतो. नोंदणी झालेल्या प्रकल्पातील सौदा असा मनुष्य स्वतः नोंदणी केल्याशिवाय करू शकत नाही.

बाजाराच्या भाषेत सांगायचे तर व्यापारी आणि आडत्या यांच्यात जो फरक आहे तोच येथे आहे. व्यापारी स्वतःच्या पैशाने माल घेतो, नफा-नुकसान त्याचे. आडत्या दुसऱ्याचा माल विकून आपली आडत घेतो. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर फ्लॅट घेऊन पुढे विकणारा हा व्यापारी झाला. त्याने पाच फ्लॅट घेतले तरी तो एजंट होत नाही. त्याला या नोंदणीची गरज नाही.

मग अडचण कोणाची? मधल्या लोकांची. स्वतः एक फ्लॅट घेतला, बिल्डरशी ओळख झाली, मग मेहुण्याला एक मिळवून दिला, मोहल्ल्यातील दोघांना दिले आणि बिल्डरने खुशीने काही रक्कम हातावर ठेवली. येथे व्यापाऱ्याचा आडत्या झाला, पण त्याला स्वतःला ते कळलेले नसते. दुसरा प्रकार म्हणजे टोकन देऊन फ्लॅट अडवून ठेवायचा, करारनामा नोंदवायचा नाही आणि गिऱ्हाईक सापडले की त्याच्याच नावावर करारनामा करून देऊन मधला फरक खिशात घालायचा. आपण आपलाच माल विकला असे या गृहस्थाला वाटते. परंतु नोंदविलेला करारनामा नसेल तर त्याच्याजवळ माल होता कोठे? असा फरक 'अन्य प्रकारे मोबदला' या शब्दांत सहज बसू शकतो.

दंडाचा हिशेबही समजून घ्यावा. नोंदणीशिवाय एजंटाचे काम करणाऱ्यास कसूर चालू असेल तितके दिवस रोज 10 हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्के आहे. 40 लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली म्हणजे 40 हजार रुपये. दंडाची मर्यादा 2 लाख, आणि ती वीस दिवसांत गाठली जाते. म्हणजे मिळकतीच्या पाचपट जोखीम. असा सौदा कापडबाजारात कोणी शहाणा माणूस करणार नाही.

आता नोंदणीच्या लाभाकडे वळू. स्वतःच्या खरेदीवरील दलाली वाचविण्यासाठी नोंदणी करावी, हा विचार आम्हाला पटत नाही. बिल्डर एजंटाला जी रक्कम देतो, ती थेट भावातच कमी करून मागावी. कमिशन घेतले तर ते उत्पन्नात धरले जाते व त्यावर आयकर लागतो. भावातील सूट हे उत्पन्न नव्हे, शिवाय खरेदीची किंमतच कमी होते.

माहितीसाठीही परवाना लागत नाही. प्रकल्पाचे मंजूर नकाशे, पूर्ण होण्याची तारीख, जमिनीवरील बोजा आणि चालू दावे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे बिल्डरांना बंधनकारक आहे. आणि खरेदीदाराचे जे हक्क आहेत ते परवान्याने वाढत नाहीत. करारनामा नोंदविल्याशिवाय बिल्डरने 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, हा नियम सर्वांसाठी सारखाच आहे.

मात्र ज्याला हे काम धंदा म्हणूनच करावयाचे आहे, त्याने नोंदणी अवश्य करावी. व्यक्तीसाठी शुल्क 10 हजार रुपये, मुदत पाच वर्षे, म्हणजे वर्षाला 2 हजार पडतात. महारेराने जानेवारी 2023 मधील आदेशाने एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली आहे. ही नोंदणी संपूर्ण राज्यात चालते, पण राज्याबाहेर नाही. भिवंडीच्या नोंदणीवर नाशकात काम होईल, सुरतेत होणार नाही.

नोंदणीबरोबर जबाबदारीही येते. हिशेबाची पुस्तके ठेवावी लागतात, प्रत्येक सौद्यात आपला नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला हात लावता येत नाही आणि गिऱ्हाइकाला खोटे आश्वासन दिल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. शिवाय जो स्वतःही फ्लॅट घेतो आणि दुसऱ्यालाही मिळवून देतो, त्याच्यापुढे रोजचा पेच उभा राहतो. चांगला सौदा आला तर तो स्वतः ठेवायचा की गिऱ्हाइकाला दाखवायचा? ज्याने विश्वासाने आयुष्याची कमाई आपल्या भरवशावर लावली, त्याला हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणखी एक इशारा. चार भागीदार मिळून जागा घेतात, इमारत उभारतात व फ्लॅट विकतात. त्यांना एजंटाच्या नोंदणीचा काही उपयोग नाही, कारण कायद्याने ते स्वतःच प्रवर्तक म्हणजे बिल्डर ठरतात. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर सूट आहे. एरवी प्रकल्पाचीच नोंदणी लागते, आणि ती न केल्यास दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी वाचकांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा? कागद कोणाच्या नावावर? आणि मला मिळणारी रक्कम भाववाढीची की गाठ घालून दिल्याची? तिन्ही उत्तरे स्वतःच्या बाजूची असतील तर परवान्याचे 10 हजार वाचवून ते चांगल्या वकिलाकडून मालकी हक्काचा तपास करून घेण्यात खर्च करावेत. एकही उत्तर दुसऱ्याच्या बाजूचे असेल, तर आधी नोंदणी करावी व मगच सौद्याला बसावे.