ऐंशी घोड्यांचा सौदा

माझा एक भाचा नोकरीनिमित्त गेलीं आठ वर्षें जर्मनींत राहतो. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी असा त्याचा आटोपशीर संसार आहे. त्याच्यापाशीं फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही गाडी आहे. दिसावयास साधी, पण चालीला चपळ. गेल्या महिन्यांत त्याचा निरोप आला : "मामा, ही गाडी देऊन, वर थोडे पैसे घालून, त्याच पिढीची वापरलेली गोल्फ आर घ्यावी असें मनांत आहे. तुम्ही जन्मभर यंत्रशास्त्र शिकविलेंत. तुमचें मत कळवा." त्याला मीं जें उत्तर धाडलें तेंच आज थोड्या विस्तारानें आपल्यापुढें मांडीत आहें. हा प्रश्न केवळ परदेशचा आहे असेंहि नाहीं. २०२५ सालीं नवी जीटीआय आपल्या देशांत सुमारें ५३ लाख रुपयांना विक्रीस आली. चपळ गाडीवरून अधिक चपळ गाडीकडे मन धांवणें हें आतां पुण्या-मुंबईच्या घरांतहि घडूं लागलें आहे.

प्रथम या दोन गाड्यांचा परिचय करून घेऊं. दोघी सख्ख्या बहिणी आहेत. २०१३ सालच्या पिढींत दोघींचें इंजिन एकाच आकाराचें, १९८४ घनसेंटिमीटरचें आहे. परंतु जीटीआयची शक्ति २२० अश्वशक्ति आहे, तर आरची ३०० आहे. जीटीआयचीं पुढचीं दोनच चाकें गाडी ओढतात; आरचीं चारहि चाकें कामास लावतां येतात. उभ्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटरचा वेग गांठण्यास पहिलीला साडेसहा सेकंद लागतात, दुसरीला सुमारें पांच. भाच्याच्या मनांत घर करून बसले होते ते हे मधले ऐंशी घोडे.

ऐंशी घोडे म्हणजे शक्तींत छत्तीस टक्क्यांची वाढ झाली. पण चार चाकें फिरविणारी यंत्रणा जड असते. आर ही जीटीआयपेक्षां शंभराहून अधिक किलोंनीं जड आहे. म्हणून दर टन वजनामागें किती शक्ति मिळते असा हिशेब केला, तर ती वाढ पंचवीस टक्क्यांच्या आसपास येते. या घराण्याच्या इतिहासांतहि हेंच दिसतें. १९७६ सालची पहिली जीटीआय अवघ्या ११० अश्वशक्तीची होती. पण तिचें वजनहि सुमारें ८१० किलोच होतें. पुढें शक्ति बरोबर दुप्पट झाली, परंतु वजन साडेतेराशें किलोंच्या घरांत गेलें. त्यामुळें टनामागील शक्ति वाढली ती केवळ वीस टक्क्यांनीं. आरामाच्या व सुरक्षिततेच्या सोयी गाडींत आल्या, त्यांचें भाडें अशा रीतीनें घोड्यांनाच भरावें लागलें.

आतां वेगाकडे वळूं. गाडी वेगांत असतां तिचा मोठा शत्रु म्हणजे वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति आठपट हवी. उलट, छत्तीस टक्के अधिक शक्ति घातली तर कमाल वेग अकरा टक्क्यांनींच वाढेल. प्रत्यक्षांत तितकाहि वाढत नाहीं. कारण आरचा वेग कारखान्यानेंच २५० वर रोखून धरलेला आहे. जीटीआय २४६ पर्यंत जाते. म्हणजे ऐंशी घोडे जोडून कमाल वेगांत पडलेली भर किती, तर ताशीं चार किलोमीटर!

याच नियमाची दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. सपाट रस्त्यावर ताशीं १०० या स्थिर वेगानें जाण्यास अशा गाडीला पंचवीस अश्वशक्तीहि लागत नाहीं. आपल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मोटारीची कमाल मर्यादाच १०० आहे. तेथें एकीचे जवळजवळ दोनशें घोडे आणि दुसरीचे पावणेतीनशें घोडे तबेल्यांत नुसते उभे राहणार. जर्मनींतील महामार्गांच्या बऱ्याच भागावर सक्तीची मर्यादा नाहीं हें खरें. परंतु तेथेंहि सरकारनें १३० हा वेग शिफारसलेला आहे, आणि त्याहून वेगानें जातांना अपघात झाल्यास नुकसानीचा कांहीं भार चालकाच्या माथीं येऊं शकतो.

मग अधिक शक्तीचा कांहींच उपयोग नाहीं काय? तसें मात्र नव्हे. ट्रकच्या पुढें जातांना, चढावर किंवा महामार्गावर शिरतांना वेग झपाट्यानें वाढविणें सोईचें असतें, आणि त्यांत आनंदहि आहे. शिवाय गाडी वेग घेऊं लागली कीं तिचा भार मागच्या चाकांवर जातो व पुढचीं चाकें हलकीं होतात. जीटीआयचीं नेमकीं तींच चाकें ओढणारीं. म्हणून ओल्या रस्त्यावर जोर दिला कीं तीं जागच्या जागीं घसरूं पाहतात. आरमध्यें एक क्लच गरजेप्रमाणें मागच्या चाकांकडे जोर पाठवितो. हिंवाळ्यांत बर्फ पडलें असतां हा गुण मोलाचा ठरतो.

आणि श्रोतेहो, खरा धोका याच गुणाच्या पोटीं दडलेला आहे. चार चाकें ओढणारी गाडी बर्फावरून सहज निघते, म्हणून चालकाला वाटतें कीं रस्ता ठीक आहे. परंतु थांबण्याच्या कामीं ही यंत्रणा कांहीं मदत करीत नाहीं. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारहि चाकांना असतातच. गाडी थांबते ती टायर व रस्ता यांच्या घर्षणानें. आणि प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेंत. गाडी कितीहि महाग असो, तिची सारी पकड या चार तळहातांत आहे.

उत्तम टायर व कोरडा रस्ता असतां १०० च्या वेगावरून थांबण्यास ब्रेक दाबल्यानंतर सुमारें ४० मीटर लागतात. ब्रेक दाबण्याचें भान येण्यास एक सेकंद गेला, तर त्याआधींच गाडी २८ मीटर पुढें गेलेली असते. २०० च्या वेगावर हेंच ब्रेकचें अंतर चौपट, म्हणजे १५० मीटरांच्याहि पुढें जातें. बर्फावर पकड चौथ्या हिश्शावर आली असें धरा. तेथें ५० च्या वेगालाहि कोरड्या रस्त्यावरील १०० च्या वेगाइतकें अंतर लागेल. त्यांत ऐंशी घोडे कोठेंच कामास येत नाहींत. आरचे ब्रेक मोठे असतात; त्यांचें काम मुख्यतः उष्णता सोसण्याचें. १०० च्या वेगानें जाणाऱ्या या गाडींत जी ऊर्जा असते, तिनें पावणेदोन लिटर थंड पाणी उकळेल. ती सारी ऊर्जा कांहीं सेकंदांत ब्रेकांच्या तबकड्यांत उतरते. घाटांत ती पुनःपुनः उतरते, तेव्हां मोठ्या तबकड्यांचा उपयोग कळतो.

राहिला पैशांचा हिशेब. जुनी गाडी विक्रेत्याला देऊन दुसरी घेतांना आपण दोनदां व्यापार करतों. आपली गाडी तो बाजारभावाहून कमी किंमतींत घेतो, आणि आपल्याला देतो तिच्यांत त्याचा नफा धरलेला असतो. दोन गाड्यांच्या किमतींतील फरक म्हणजे सौद्याचा संपूर्ण खर्च नव्हे. जर्मनींत वाहनकर ठरवितांना इंजिनाचा आकार व धुराचें प्रमाण पाहतात. आकारापुरता कर दोघींना सारखाच पडेल. परंतु विम्याचा हप्ता त्या त्या जातीच्या गाड्यांच्या नुकसानीचा इतिहास पाहून ठरतो. टायर व पेट्रोल यांचा खर्च तर सारा जन्म सोबत राहतो.

हें सर्व लिहून शेवटीं मीं भाच्याला कळविलें : "गाडी घेऊं नको असें मी म्हणत नाहीं. पण आधीं दोन गोष्टी कर. चांगले नवे हिंवाळी टायर घाल, आणि मोकळ्या मैदानावर गाडी सांवरण्याचें जें शिक्षण तेथें मिळतें तें एक दिवस घे. ओल्या रस्त्यावर तुझी जीटीआय कोठें घसरते आणि कशी थांबते, हें तुझ्या हातांना व पायांना कळूं दे. मग आर चालवून पाहा, आणि तीहि पावसाच्या दिवशीं. त्यानंतरहि मन तिच्यावरच बसलें तर खुशाल घे. मात्र दीड सेकंद आणि बर्फावर निघण्याची सोय, एवढेंच आपण विकत घेत आहों, थांबण्याची सोय नव्हे, हें ध्यानांत असूं दे. मागच्या आसनावर माझी नात बसलेली असते."

त्याचें उत्तर परवां आलें. टायर घातले आहेत आणि शिक्षणाच्या दिवसासाठीं नांव नोंदविलें आहे. गाडीचा विचार पुढच्या हिंवाळ्यानंतर करणार म्हणतो.